दारावरची जप्ती आणि कपाटांतील कागद

सावकाराचें देणें थकलें म्हणजे तगादेदार दाराशीं ठाण मांडून बसे आणि चार शेजाऱ्यांदेखत घरधन्याला मान खालीं घालावी लागे, ही पेशवाईंतील रीत आपण इतिहासांत वाचतों. अलीकडच्या वर्षांत महाराष्ट्रांतील कांहीं पालिकांनीं घरपट्टीच्या थकबाकीदारांपुढें ढोलताशे वाजवून हेंच लोकलज्जेचें शस्त्र पुन्हां उपसलें. परंतु कायद्यांत ढोल नाहीं. तेथें आहे ती एकामागून एक येणाऱ्या कागदांची मालिका. ती ज्या घरांत ठाऊक असते, त्या घरावर जप्तीची वेळ सहसा येत नाहीं.

ठाणें महापालिका १९८२ सालीं व कल्याण-डोंबिवली महापालिका १९८३ सालीं स्थापन झाली. दोन्हींस मूळचा १९४९ चा महानगरपालिका कायदा लागू आहे. त्याप्रमाणें मालमत्ताकर १ एप्रिल व १ ऑक्टोबर या दिवशीं, सहामाही हप्त्यांनीं, आगाऊ देय होतो. प्रथम बिल येतें. पंधरा दिवसांत तें भरलें नाहीं, तर मागणीची नोटीस निघते. तिचीहि मुदत टळली म्हणजे जप्तीचें वॉरंट. दरम्यान शास्ती चढतच असते. ती महिन्याला शेकडा २, म्हणजे वर्षाला शेकडा २४ होते. बारा हजार रुपये थकले, तर चार वर्षांत शास्तीच साडेअकरा हजारांच्या घरांत जाते. घरांतील पैसा पेढींत ठेवून इतकें व्याज कोणास मिळतें?

वॉरंट घेऊन कोणी आलाच, तर घाबरून दार लावूं नये, किंवा वादहि घालूं नये. त्याचें ओळखपत्र व वॉरंट शांतपणें पाहावें. चीजवस्तूंच्या जप्तीसाठीं दार उघडविण्याचा अधिकार सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच आहे, आणि तोहि आपला अधिकार व हेतु सांगून प्रवेश मागितल्यावर. स्त्रियांच्या खोलींत शिरण्यापूर्वीं तीन तासांची सूचना द्यावी लागते. नेसतीं वस्त्रें, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाचीं व जेवणाचीं भांडीं आणि कारागिराचीं हत्यारें जप्त करतां येत नाहींत. घेतलेल्या वस्तूंची यादी मिळाली पाहिजे, आणि रोख पैसे दिले, तर पावतीवांचून देऊं नयेत.

मात्र मध्यम वर्गांतील थकबाकीचें मूळ नेहमीं दारिद्र्यांतच असतें असें नाहीं. नौपाड्यांतील अथवा डोंबिवलींतील वडिलार्जित घर अद्याप आजोबांच्या नांवावर असतें. एक मुलगा पुण्यास, दुसरा परदेशीं, आणि दुसऱ्यानें कर भरलाच असेल अशी प्रत्येकाची खात्री! कायदा सांगतो, कीं मालकाच्या मृत्यूनंतर एका वर्षांत वारसानें लेखी खबर द्यावी, आणि घर विकलें तर तीन महिन्यांत. खबर न देणाऱ्या विक्रेत्याची जबाबदारी संपत नाहीं. शिवाय हा कर म्हणजे, सरकारी शेतसारा वगळतां, त्या मिळकतीवरील पहिला बोजा होय. म्हणून घर घेणाऱ्यानें मागील पावत्या पाहिल्यावांचून इसार देऊं नये. एका भावाचें नांव कराच्या वहींत लागलें म्हणजे इतरांचा हिस्सा बुडाला, ही भीति मात्र व्यर्थ आहे. कराची नोंद हा मालकीचा पुरावा नव्हे.

आकारणीच चुकीची वाटत असेल, तर मुदतींत आयुक्तांकडे तक्रार करावी. तेथें समाधान न झाल्यास पंधरा दिवसांत न्यायाधीशांकडे अपील आहे. परंतु कराची रक्कम भरल्यावांचून अपील चालत नाहीं. तेव्हां रागानें पैसे अडवून धरणारा आपलाच न्याय अडवून धरतो. कित्येकजण 'अभय योजने'ची वाट पाहत बसतात. तींत सूट मिळते ती शास्तींत. मूळ कर डोक्यावर राहतोच. योजना येईल कीं नाहीं, हें आधीं ठाऊक नसतें. आणि वेळेवर भरणाऱ्याला तिच्यांतून काय मिळतें, हा प्रश्नहि उरतोच.

याहून अधिक विचार करण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. पति निवर्तल्यावर अशा घरांत पुष्कळदां एकटी वृद्ध माता राहते. नोटीस तिच्या हातीं पडते. मुलांना त्रास नको, आणि शेजाऱ्यांना कळूंहि नये, म्हणून ती कपाटाच्या तळाशीं ठेवून देते. पुढची नोटीसहि तेथेंच जाते. तिला कायद्याची नव्हे, तर लाजेची भीति असते. यास्तव प्रत्येक कुटुंबानें एकावर हें काम सोंपवावें, पावत्यांची एक चोपडी करावी, आणि एप्रिलमध्यें आईस दूरध्वनि करतांना प्रकृतीबरोबर बिलाचीहि चौकशी करावी. दोन मिनिटांचा हा प्रश्न तिच्या डोळ्यांवरची कित्येक रात्रींची झोंप परत आणील.