शरीर बांधणारे संप्रेरक आणि हृदयावरचा पहारा

१८४९ साली जर्मनीतील गटिंगेन येथे आर्नोल्ड बर्टोल्ड नावाच्या शास्त्रज्ञाने कोंबड्यांवर एक साधा प्रयोग केला. काही कोवळ्या नर पिलांची वृषणे त्याने काढून टाकली. ती पिले वाढली, पण त्यांचे तुरे खुजे राहिले, ती नीट आरवेनात आणि एकमेकांशी झुंजेनात. मग दुसऱ्या काही पिलांची वृषणे काढून ती त्याने पोटाच्या पोकळीत भलत्याच जागी बसवली. ही पिले मात्र तुरेबाज, भांडखोर कोंबडे झाली! बसवलेल्या वृषणाचे मूळचे मज्जातंतू तर तुटलेले होते. मग शरीराला निरोप पोचला कसा? तो रक्तातून गेला असला पाहिजे, असा तर्क बर्टोल्डने केला.

हा निरोप्या हाती यायला पुढे ८६ वर्षे लागली. १९३५ साली ॲम्स्टरडॅम येथील शास्त्रज्ञांनी बैलांच्या सुमारे १०० किलोग्रॅम वृषणांतून त्याचे अवघे १० मिलिग्रॅम स्फटिक मिळवले. त्याचे नाव टेस्टोस्टेरॉन. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिका या दोघांनी वेगवेगळे काम करून ते कोलेस्टेरॉलपासून तयार केले. १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांत विभागून देण्यात आले.

‘चयापचय’ हा शब्द तुम्ही शाळेत शिकला आहात. त्यातील ‘चय’ म्हणजे बांधणी आणि ‘अपचय’ म्हणजे मोडणी. टेस्टोस्टेरॉन हे चयाच्या बाजूचे संप्रेरक आहे. ते स्नायूंत प्रथिने बांधायला लावते आणि हाडे बळकट करते. त्याच्या रेणूत थोडे फेरफार करून रसायनशास्त्रज्ञांनी नँड्रोलोन, स्टॅनोझोलॉल अशी अनेक भावंडे बनवली. त्यांना ॲनॅबॉलिक स्टेरॉइड, म्हणजे चयकारक स्टेरॉइड म्हणतात.

औषध कोणासाठी?

काही पुरुषांची वृषणे, किंवा त्यांना हुकूम देणारी मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी, नीट काम करीत नाही. अशांना डॉक्टर टेस्टोस्टेरॉन देतात. काही प्रकारच्या रक्तक्षयात आणि मोठ्या आजाराने शरीर झिजले असतानाही ही औषधे वापरली गेली आहेत. निरोगी पुरुषाच्या शरीरात दिवसाला सुमारे ५ ते ७ मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन तयार होते. रोग्याला औषध देताना जे कमी पडते तेवढेच भरून काढायचे, हा हेतू असतो.

पण संप्रेरक रक्तातून सगळीकडे जाते. ‘तू फक्त दंडाच्या स्नायूंत जा,’ असे त्याला सांगता येत नाही. ते मूत्रपिंडात जाते, यकृतात जाते आणि हृदयातही जाते. म्हणून हे औषध चालू असताना हृदयावर पहारा ठेवावा लागतो. कशाकशावर, ते पाहू.

चार वाटा

पहिली वाट रक्ताची. या संप्रेरकामुळे हाडांतील मज्जेत तांबड्या पेशी अधिक तयार होतात. थोड्या वाढल्या तर रक्तक्षयाच्या रोग्याला बरेच. पण फार वाढल्या तर रक्त दाट होते. उसाचा रस आणि काकवी यांपैकी कोणती नळीतून सहज वाहील? दाट रक्त ढकलताना हृदयाला जास्त जोर लावावा लागतो आणि गुठळी होण्याची भीती वाढते.

दुसरी वाट मिठाची. मूत्रपिंडे मीठ आणि पाणी शरीरात धरून ठेवू लागतात. रक्तवाहिन्यांतील द्रव वाढतो आणि रक्तदाब चढतो.

तिसरी वाट मेदाची. आपल्या रक्तात एच.डी.एल. नावाचे कण असतात. उरलेले कोलेस्टेरॉल गोळा करून यकृताकडे नेणारे ते जणू सफाई कामगारच. चयकारक स्टेरॉइडमुळे यकृतातील एक विकर जोरात काम करते आणि हे कण घटतात. काही स्टेरॉइड गोळ्यांच्या रूपाने घेतली जातात. त्या आतड्यातून थेट यकृतात पोचत असल्याने त्यांचा हा परिणाम इंजेक्शनपेक्षा बराच जास्त दिसतो.

चौथी वाट खुद्द हृदयाच्या स्नायूची. हृदय हाही स्नायूच! मोठ्या मात्रेत त्याची भिंत जाड होते आणि तिच्यात ताठर तंतू वाढतात. व्यायामानेही हृदय थोडे मोठे होते, पण ते ठोक्यानंतर चांगले सैलावते. ताठर भिंत नीट सैलावत नाही आणि कालांतराने आकुंचनही क्षीण होते.

पहारा कसा ठेवतात?

औषध सुरू करण्यापूर्वीच पहिली तपासणी होते. आधीचा आकडा ठाऊक नसेल तर पुढचा वाढला की घटला, हे कसे कळणार? गेल्या ६ महिन्यांत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झाला असेल, तर हे औषध सुरू करीत नाहीत.

रक्ताचा दाटपणा मोजण्याची रीत गमतीची आहे. रक्त बारीक नळीत भरून ती नळी यंत्रात गरगर फिरवतात. जड तांबड्या पेशी तळाशी बसतात, पिवळसर रक्तद्रव वर राहतो. शंभर भागांपैकी पेशींचे भाग किती, तो आकडा म्हणजे हेमॅटोक्रिट. पुरुषांत तो साधारण ४० ते ५० असतो. उपचार सुरू केल्यावर ३ ते ६ महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी तो पाहतात. ५४ च्या वर गेला, तर तो उतरेपर्यंत औषध थांबवतात.

याखेरीज रक्तदाब मोजतात आणि रक्तातील मेदाचे प्रकार तपासतात. ई.सी.जी.च्या आलेखावरून ठोक्यांची लय कळते. शंका आली तर श्राव्यातीत ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र घेतात. त्यात भिंतीची जाडी दिसते आणि एक महत्त्वाचे गणितही करता येते. समजा, डाव्या जवनिकेत १२० मिलिलिटर रक्त भरले आणि एका ठोक्याला त्यातील ७२ मिलिलिटर बाहेर गेले. ७२ भागिले १२०, म्हणजे ६० टक्के. निरोगी हृदयात हे प्रमाण साधारण ५५ ते ७० टक्के असते.

दोन अभ्यास, दोन चित्रे

२०२३ साली अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या आणि हृदयविकार किंवा त्याचा धोका असलेल्या सुमारे ५,२०० पुरुषांपैकी निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना नुसता औषधासारखा दिसणारा लेप दिला होता. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा त्यांमुळे मृत्यू यांचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत ७.० टक्के, तर इतरांत ७.३ टक्के निघाले. म्हणजे जवळजवळ सारखेच. मात्र हृदयाच्या कर्णिका नुसत्याच थरथरण्याचा विकार आणि फुप्फुसातील गुठळी हे प्रकार औषध घेणाऱ्यांत थोडे अधिक आढळले. मोजून दिलेल्या औषधावरही पहारा हवा, तो यासाठी.

दुसरा अभ्यास २०१७ सालचा. त्यात वजने उचलणारे १४० पुरुष होते. ८६ जणांनी चयकारक स्टेरॉइड दीर्घकाळ वापरली होती, ५४ जणांनी मुळीच नाही. न वापरणाऱ्यांच्या हृदयातून दर ठोक्याला सरासरी ६३ टक्के रक्त बाहेर जात होते. वापरणाऱ्यांच्या हृदयातून ५२ टक्केच. सध्या औषध बंद असलेल्यांचा आकडा ५८ होता, चालू असलेल्यांचा ४९. म्हणजे हृदय काहीसे सावरते. पण हृदयाच्या धमन्यांत साचलेला थर वापरणाऱ्यांत जास्त आढळला.

असा फरक का? पहिल्या अभ्यासात कमी होते तेवढे भरले होते. शरीर फुगवण्यासाठी घेणारे मात्र त्याच्या दहापट, कधी शंभरपटही मात्रा घेतात; आणि बहुधा चोरून, म्हणजे कोणतीही तपासणी न करता.

तुमच्या वयाचा प्रश्न

तुमच्यापैकी काही जण व्यायामशाळेत किंवा तालमीत जात असतील. ‘एक इंजेक्शन घे, महिन्यात दंड फुगेल,’ असे सांगणारे तेथे भेटू शकतात. वाढत्या वयात याचा आणखी एक तोटा आहे. हाडांच्या टोकांशी कूर्चेच्या वाढपट्ट्या असतात. उंची त्यांच्यामुळे वाढते. बाहेरून आलेल्या संप्रेरकाने त्या लवकर मिटतात आणि उंची कायमची खुंटते. शिवाय बाहेरून भरपूर पुरवठा होतो आहे असे पाहून पियुषिका वृषणांना हुकूम देणे थांबवते. ते पुन्हा सुरू व्हायला कित्येक महिने लागू शकतात.

कोणी मित्र हे औषध घेत असेल, तर त्याला हसू नका आणि घाबरवूही नका. डॉक्टरांना काय घेतले, किती घेतले ते खरे खरे सांगायला लावा. धाप लागणे, छातीत दुखणे, धडधड होणे, घेरी येणे यांपैकी काही होत असेल, तर त्याच दिवशी घरच्यांना सांगून दवाखाना गाठायला हवा.

दंडाचा घेर टेपने मोजता येतो आणि आरशात दिसतो. हृदयाची भिंत आरशात दिसत नाही. ती जाड होताना दुखतही नाही. म्हणून तर रक्ताची नळी, रक्तदाबाचे यंत्र आणि ध्वनिलहरींचे चित्र यांच्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहावे लागते.