हौशी रेडिओ परवाने व मोर्स परीक्षा

आर्थिक लाभाचा हेतू न ठेवता अभ्यास, तांत्रिक प्रयोग व परस्परसंपर्क यांसाठी रेडिओ केंद्र चालविणाऱ्या व्यक्तीस हौशी रेडिओचालक म्हणतात. असे केंद्र चालविण्यास शासकीय परवाना लागतो व तो मिळविण्यासाठी परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. विसाव्या शतकात बहुतेक देशांत या परीक्षेत मोर्स संकेतलिपीचे प्रात्यक्षिक असे. २००३ नंतर अनेक देशांनी ही अट काढून टाकली. तिचे परिणाम परवान्यांच्या श्रेणींवर व हौशी सेवेच्या स्वरूपावर झाले.

अटीचा उगम : प्रारंभीच्या बिनतारी संदेशवहनात बिंदू व रेघ यांनी बनलेली मोर्स संकेतलिपी हेच एकमेव साधन होते. हौशी केंद्राच्या प्रेषणामुळे जहाजांच्या संदेशांत अडथळा आल्यास, प्रेषण थांबविण्याची सूचना त्या केंद्राच्या चालकास समजणे आवश्यक होते. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेतील आंतरराष्ट्रीय नियमांत हौशी चालकास मोर्स येणे बंधनकारक करण्यात आले. पुढे ही अट टप्प्याटप्प्याने शिथिल झाली. १९४७ मध्ये १,००० मेगॅहर्ट्‌झ, १९५९ मध्ये १४४ मेगॅहर्ट्‌झ व १९७९ मध्ये ३० मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेच्या वर तीतून सूट देण्याची मुभा देशांना मिळाली. तथापि ३० मेगॅहर्ट्‌झच्या खालील लघुतरंग पट्टे हेच आयनांबरावरून परावर्तन होऊन दूरदेशी संपर्क साधून देणारे असल्याने, जगाशी बोलू इच्छिणाऱ्यास मोर्स शिकण्यावाचून गत्यंतर नव्हते.

परीक्षेचे स्वरूप : वेग दर मिनिटास शब्दांत मोजीत व पाच अक्षरांचा एक शब्द धरीत. अमेरिकेत श्रेणीनुसार ५, १३ व २० शब्द असे तीन टप्पे होते. भारतात १९७८ च्या नियमांनुसार द्वितीय श्रेणीस ५, तर प्रथम व प्रगत श्रेणींस १२ शब्दांचा वेग लागे. त्यांखेरीज मोर्स नसलेली मर्यादित श्रेणीही होती; परंतु तिच्या धारकास लघुतरंग पट्टे खुले नव्हते.

अट रद्द होणे : १ फेब्रुवारी १९९९ रोजी जहाजांसाठी उपग्रह व स्वयंचलित साधनांवर आधारलेली जागतिक संकटसूचना पद्धती पूर्णपणे अमलात आली व सागरी सेवेतील मोर्सचे महत्त्व संपले. त्यामुळे अटीचे मूळ कारणच उरले नाही. जिनीव्हा येथील २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेने मोर्स परीक्षा घ्यावी की नाही, हे प्रत्येक देशावर सोपविले. ब्रिटन, जर्मनी व स्वित्झर्लंड यांनी त्याच वर्षी अट काढली. अमेरिकेने १९९१ मध्ये एका श्रेणीपुरती ती वगळली होती. २००० मध्ये मोर्स लागणाऱ्या सर्व श्रेणींसाठी ५ शब्दांचा एकच वेग ठेवण्यात आला व २३ फेब्रुवारी २००७ पासून परीक्षा पूर्णतः बंद झाली. भारताने मात्र २००३ नंतर लगेच हा मार्ग धरला नाही. वरच्या श्रेणीसाठी मोर्सची अट पुढेही चालू राहिली.

मतभेद : अट राखावी असे म्हणणाऱ्यांच्या मते मोर्स शिकण्याच्या परिश्रमांतून चालकाची निष्ठा व शिस्त पारखली जाई. शिवाय अत्यल्प शक्तीच्या, साध्या प्रेषकाने व गोंगाटातही मोर्स संदेश पोहोचतो, ही गोष्ट आपत्काळी मोलाची ठरते. विरोधकांचे म्हणणे असे की, एका प्रेषणपद्धतीतील कौशल्य हे रेडिओतंत्राच्या ज्ञानाचे माप नव्हे. या अटीने ऐकण्यात अडचण असणारे व जाणकार तंत्रज्ञही बाहेर राहतात.

परिणाम : अमेरिकेत २००७ मध्ये प्राथमिक श्रेणीतील अनेकांनी परीक्षा देऊन वरची श्रेणी मिळविली. त्या वर्षी सु. ६.५ लाख असलेले परवाने पुढील काही वर्षांत ७ लाखांवर गेले. या वाढीचे सर्व श्रेय मोर्स वगळण्यास देता येत नाही. स्वयंसेवी परीक्षकांची व्यवस्था व आधीच प्रसिद्ध होणारे प्रश्नसंच यांमुळेही परीक्षा सुलभ झाली होती. तसेच मोर्स नसलेल्या श्रेणीची वाट १९९१ पासूनच खुली होती. म्हणून नव्यांचा प्रवेश वाढण्यापेक्षा आधीच्या परवानाधारकांना लघुतरंग पट्टे मिळणे, हा अधिक स्पष्ट परिणाम होय. विशेष म्हणजे, ज्यांनी कधीही मोर्स परीक्षा दिली नव्हती, अशा प्राथमिक श्रेणीधारकांना त्याच दिवसापासून काही लघुतरंग पट्ट्यांत मोर्सनेच प्रेषण करण्याचा अधिकार मिळाला.

मोर्स लोप पावेल ही भीती खरी ठरली नाही. सक्ती गेल्यावर तिचा अभ्यास आवडीचा विषय झाला व मोर्सच्या स्पर्धांत सहभाग टिकून राहिला. क्षीण संकेत ओळखण्याचे तिचे काम मात्र आता काही प्रमाणात संगणकीय पद्धतींनी घेतले आहे. २०१७ मध्ये आलेली एफटी-८ ही त्यांपैकी प्रमुख होय. परवान्यासाठी एकेकाळी अनिवार्य असलेली ही लिपी आता बहुसंख्य देशांत चालकाच्या स्वेच्छेवर सोपविलेली आहे.