रक्तातला हमाल

हळद शिजवायच्या दिवसांत वसमतच्या शिवारातल्या बायांचे हात कोपरापर्यंत पिवळे असतात. साबणाने कितीही घासा, रंग हटत नाही. माझी आत्या अशा वेळी तळहातावर गोडेतेलाचे चार थेंब घ्यायची, खसाखसा चोळायची, आणि रंग तेलाबरोबर सुटून यायचा. हळदीला पिवळा रंग देणारं कुरक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं, एवढं रसायनशास्त्र तिच्या हातांना ठाऊक होतं.

आता गंमत अशी की रक्ताचा पातळ भाग नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असतो. मग आपण हळदीचं दूध पितो तेव्हा हे पाण्याशी न पटणारं कुरक्युमिन रक्तातून पुढे जातं कसं? आतड्यातून रक्तात पोचतं ते मुळात फारच थोडं, हेही सांगायला हवं. पण जेवढं पोचतं, ते बहुतांशी एका प्रथिनाच्या पाठीवर बसून जातं. त्याचं नाव अल्ब्युमिन.

हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केटमध्ये सकाळी उभं राहिलं की हे प्रथिन मला नीट कळतं. शेतकरी, आडत्या, खरेदीदार असे कितीही जण असोत, पोतं या जागेवरून त्या जागेवर हलतं ते हमालाच्या पाठीवरून. अल्ब्युमिन हा रक्तातला हमाल आहे. 585 अमिनो आम्लांची एक लांबलचक साखळी, घड्या घालून आवळलेली. बाहेरचा पृष्ठभाग पाण्यात सहज मिसळणारा, आत मात्र तेलकट पदार्थांना आवडतील असे कोनाडे. स्निग्धाम्लं, काही संप्रेरकं, कित्येक औषधं या कोनाड्यांत बसून प्रवास करतात.

आणखी एक पिवळा माल तो वाहतो. जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की बिलिरुबिन तयार होतं. तेही पाण्यात विरघळत नाही. अल्ब्युमिन ते उचलतो आणि यकृताच्या दारात नेऊन उतरवतो. तान्ह्या बाळाचं यकृत अजून तयार नसतं, माल तुंबतो, बाळाला कावीळ दिसते. हमालांच्या पाठी भरल्या की मोकळं बिलिरुबिन मेंदूत शिरण्याचा धोका असतो. म्हणून अशा बाळाला निळ्या प्रकाशाखाली ठेवतात. प्रकाशाने बिलिरुबिनची घडण बदलते आणि ते पाण्यात विरघळून बाहेर पडू लागतं.

ओझी वाहण्याखेरीज अल्ब्युमिनचं दुसरं काम पाणी धरून ठेवण्याचं. 100 मिलिलिटर रक्तद्रवात ते साधारण साडेतीन ते पाच ग्रॅम असतं, आणि रक्तवाहिन्यांत पाणी ओढून ठेवणाऱ्या प्रथिनांच्या जोरातला तीन चतुर्थांशाहून अधिक वाटा एकट्या त्याचा. ते फार घटलं की पाणी बाहेर झिरपतं. नडगीवर अंगठा दाबला तर खळगा तसाच राहतो.

आत्याच्या पायावर तो खळगा मी पाहिला. रिपोर्टमध्ये अल्ब्युमिन 2.4 आलं होतं. बातमी भावकीत पसरली आणि दोन दिवसांत घरात गावरान अंड्यांची रास लागली. "पांढरं खाऊ घाला आत्याला, त्यात अल्ब्युमिनच असतंय," प्रत्येक जण मायेने सांगत होता.

ही समजूत इतकी पसरलेली आहे की ती उलगडून सांगावीशी वाटते. लॅटिनमध्ये 'आल्बुस' म्हणजे पांढरा. अंडं शिजल्यावर पांढरं होणाऱ्या भागावरून हे नाव पडलं आणि पुढे तशा स्वभावाच्या इतर प्रथिनांनाही लागलं. पण अंड्यातलं ओव्हाल्ब्युमिन वेगळं, रक्तातलं वेगळं. अंड्यातली साखळी 385 अमिनो आम्लांची, आणि दोघांचं कूळही एक नाही. शिवाय खाल्लेलं प्रथिन पोटात तुटून त्याचे मणी सुटे होतात. त्या मण्यांतून रक्तातलं अल्ब्युमिन नव्याने ओवतं ते यकृत, रोज सुमारे दहा ते पंधरा ग्रॅम. एका अंड्याच्या पांढऱ्या भागात सगळी मिळून साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. अंडं उत्तम अन्न आहे, यात वाद नाही. पण अल्ब्युमिन घटतं तेव्हा प्रश्न बहुधा ताटातला नसतो. यकृत थकलेलं असतं, शरीरात कुठेतरी जंतुसंसर्ग किंवा दाह चालू असतो, नाहीतर मूत्रपिंडाची चाळणी फाटलेली असते. तयार झालेलं अल्ब्युमिन रक्तात अर्ध्यावर यायला जवळजवळ तीन आठवडे लागतात, त्यामुळे कालच्या जेवणाचा हिशेब आजच्या आकड्यात शोधण्यात अर्थ नसतो.

आत्याच्या डॉक्टरांनी अंड्यांबद्दल काही विचारलं नाही. त्यांनी लघवी तपासायला सांगितली.

ही तपासणी जुनी आहे. लंडनच्या गाईज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइट यांनी 1827 साली अंगाला सूज, लघवीतलं अल्ब्युमिन आणि बिघडलेलं मूत्रपिंड यांचं नातं मांडलं. चमच्यात लघवी घेऊन मेणबत्तीवर तापवायची आणि ती गढूळ होते का ते पाहायचं. उष्णतेने प्रथिनाच्या घड्या उलगडतात, साखळ्या एकमेकींत गुंततात, पारदर्शक द्रव पांढरा होतो. अंडं उकडताना घडतं तेच. हीच उकळण्याची परीक्षा परीक्षानळीत करून गरोदर बायांमधला धोका कित्येक वर्षं ओळखला गेला. आता रंग बदलणारी पट्टी बुडवली की काम होतं. मधुमेह्यांत मूत्रपिंड बिघडायला लागल्याचं पहिलं चिन्ह बहुधा हेच, दिवसाला 30 मिलिग्रॅमहून जास्त अल्ब्युमिन लघवीवाटे जाणं. त्या वेळी पायाला सूज नसते, दुखत काहीच नाही. म्हणून ज्याला साखरेचा आजार आहे त्याने वर्षातून एकदा ही तपासणी मागून घ्यावी, असं मी भेटेल त्याला सांगते.

आत्याला मधुमेह होता, बारा वर्षांचा. चाळणी फाटली होती. हमाल मोंढ्याच्या वेशीबाहेर निघून जात होते. अशा दुखण्यात प्रथिनांचा अतिरेकही मूत्रपिंडाला सोसत नाही, म्हणून अंड्यांची रास शेजारच्या पोरांत वाटली. गोळ्या सुरू झाल्या, मीठ कमी झालं, साखरेवर लक्ष आलं. अजूनही रोज संध्याकाळी ती ओसरीवर बसून नडगीवर अंगठा दाबते आणि खळगा भरून यायला किती वेळ लागतो ते मनात मोजते. परवा म्हणाली, सातापर्यंत मोजायच्या आत भरला.