कस्तुरी वृषभांचे कडे

कॅनडाचा उत्तर भाग व ग्रीनलंड येथील बर्फाळ माळरानांवर कस्तुरी वृषभ हा प्राणी हजारो वर्षांपासून नांदत आहे. नाव वृषभाचे असले, तरी त्याचे नाते शेळ्यामेंढ्यांशी अधिक जवळचे. त्याचे केस पोटाखाली लोंबत असतात. म्हणून तेथील इनुइट लोक त्याला ‘उमिंगमाक’, म्हणजे दाढीवाला, म्हणतात.

लांडगे चालून आले, की मोठी जनावरे एकमेकांना खेटून कडे करतात, वासरांना आत घेतात आणि शिंगे बाहेर रोखून उभी राहतात. बंदुकीपुढे मात्र हे कडे कुचकामाचे ठरले. जागचे न हलणारे कळपच्या कळप शिकाऱ्यांनी टिपले. अखेर १९१७ साली कॅनडा सरकारने त्यांना कायद्याचे संरक्षण दिले आणि त्यांची संख्या पुन्हा वाढू लागली.

संख्या वाढली, तरी विविधता वाढली नाही. प्राचीन काळापासून या प्राण्यांची संख्या अनेकदा रोडावली आणि मोजक्या जनावरांपासून नवे कळप निर्माण झाले. त्यामुळे त्यांची जनुके, म्हणजे आईबापांकडून मिळणारे गुणांचे वाहक, बहुतांशी एकसारखी आहेत. रोगाशी झुंजण्याची शक्तीही जनुकांवर अवलंबून असते. गावातील साऱ्या घरांना एकाच किल्लीची कुलपे असावीत आणि ती किल्ली चोराच्या हाती लागावी, तसाच हा धोका! तरीही हा प्राणी टिकला. थंडीमुळे तेथे रोगकारक जंतू व कृमी थोडेच होते, हे त्याचे भाग्यच म्हणावयाचे.

आता तो प्रदेश झपाट्याने तापत आहे. कस्तुरी वृषभाच्या फुप्फुसात राहणारा एक कृमी लहानपणी कवच नसलेल्या गोगलगायीच्या शरीरात वाढतो. पूर्वी या वाढीस बहुधा दोन उन्हाळे लागत. आता एकच पुरतो. २००८ साली हा कृमी समुद्रापलीकडील व्हिक्टोरिया बेटावरही आढळला. पुढे त्या बेटावर व शेजारच्या बँक्स बेटावर एका जीवाणूच्या संसर्गाने ऐन उन्हाळ्यात अनेक जनावरे दगावली. बँक्स बेटावर २०१० साली सुमारे ३७,००० कस्तुरी वृषभ होते. २०१४ साली सुमारे १४,००० उरले. ही सारी घट रोगामुळेच झाली, असे शास्त्रज्ञ म्हणत नाहीत. पण जनुकांच्या एकसारखेपणाने रोगाचे काम सोपे केले असावे, अशी शंका त्यांना येते.

इनुइट शिकारी आज मारलेल्या जनावराचे रक्त कागदाच्या पट्टीवर टिपून प्रयोगशाळेकडे पाठवितात. कोणता कळप अशक्त झाला आहे, हे पुष्कळदा प्रथम त्यांच्याच नजरेस येते.