खोके एकच, वाइन मात्र निरनिराळी

बाजारचा तयार लोणच्याचा मसाला कसा आहे, असे विचारले तर चार घरांतून चार उत्तरे येतील. कुणाच्या कैऱ्या कोवळ्या, कुणाची बरणी ओलसर, कुणी मीठ हात आखडून घातलेले. नावे मात्र मसाल्याला! कॅनडा, ब्रिटन, अमेरिकेत घरी वाइन करण्याचे जे संच मिळतात, त्यांचीही हीच गत होते. (महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी वाइन करणे गुन्हा आहे, तेव्हा इकडे प्रयोग नको.)

खोक्यात द्राक्षरस किंवा त्याचा आटवलेला अर्क, यीस्टची पुडी, गाळ खाली बसवणारी बेन्टोनाइट माती आणि वाइन टिकावी म्हणून सल्फाइट व सॉर्बेट असते. पाणी घालून साधारण 23 लिटर वाइन होते, म्हणजे 30 बाटल्या. वर लिहिलेले असते, चार आठवडे किंवा सहा आठवडे.

घोळ होतो तो इथेच. हा मुहूर्त बाटल्या भरण्याचा, चव घेण्याचा नव्हे. लाल वाइन सहा महिने, वर्षभर मुरली की तिचा करकरीतपणा जातो. उतावळा माणूस दुसऱ्याच महिन्यात बूच काढतो आणि तोंड वाकडे करतो. शेजारी त्याच संचाची बाटली वर्षाने उघडून वाहवा करतो. दोघेही खरेच बोलतात.

शिवाय कुणाची खोली थंड असते, कुणाचे भांडे नीट धुतलेले नसते. कुणी वाइन दाट व्हावी म्हणून दोन लिटर पाणी कमीच घालतो आणि वर संचाला शाबासकी देतो! हायड्रोमीटरवरून साखर किती उरली ते समजते, गोडी लागेल की नाही ते नाही.

पट्टीचे परीक्षक तरी कुठे ठाम असतात? स्वतः वाइन करणारे रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्नियाच्या राज्य मेळ्यात 2005 ते 2008 या काळात परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन न सांगता तीनदा दिली. गुणांत सातत्य राखू शकले ते जेमतेम दहा टक्के. मग महिनाभर राबून, पदरचे पैसे घालून केलेल्या वाइनला घरचा माणूस काय गुण देणार?

दोन संच एकाच दिवशी, एकाच खोलीत लावावेत, बाटल्यांवर कागद गुंडाळून तीन महिन्यांनी आणि पुन्हा वर्षाने चाखाव्यात, हा त्यातल्या त्यात न्याय्य मार्ग. पण तोवर दुकानात नव्या हंगामाच्या द्राक्षांचा रस आलेला असतो.