टाकाऊतून टिकाऊ : चिंध्यांची गोधडी



शिंप्याच्या दुकानात मशीनखाली पडलेली कात्रणं आपण पाहतो. संध्याकाळी ती झाडून उकिरड्यावर जातात. माझी आजी म्हणते, "चिंधी टाकू नगं, चिंधीला बी काम असतंय." ते काम कोणतं, हे मी या लेखात सांगणार आहे.

आपला जिल्हा कापडाचा आहे. पैठणची पैठणी आणि शहरातली हिमरू सगळीकडे प्रसिद्ध आहेत. हिमरू सूत व रेशीम मिळून विणतात. एक वार कापडामागे किती हात राबतात, ते विणकरालाच ठाऊक. म्हणून आपल्या आज्या कापडाचा तुकडाही वाया घालवत नसत. लुगडं जुनं झालं की त्याचं बाळाचं दुपटं होई, मग ठिगळ, मग डोक्यावरच्या घागरीखाली चुंबळ, आणि शेवटी पोतेरं. सगळ्यात मोठा उपयोग म्हणजे गोधडी. तिलाच वाकळ असेही म्हणतात.

गोधडी ऊबदार का असते? कापडाच्या थरांमध्ये हवा अडकते. अडकलेली हवा अंगाची ऊब लवकर बाहेर जाऊ देत नाही. म्हणून एका जाड कापडापेक्षा चार पातळ थर बरे.

आता कृती पाहू.

१. चिंध्या निवडा. सुती वेगळ्या, टेरिकॉट व नायलॉनच्या वेगळ्या. ओळखता आले नाही तर मोठ्या माणसाला सांगून एक दोरा चिमट्यात धरून जाळून पाहावा. सुती दोऱ्याची राख होते व कागद जळाल्यासारखा वास येतो. नायलॉन वितळून त्याचा कडक मणी होतो.

२. चिंध्या आधी धुऊन वाळवा. नवे सुती कापड पाण्यात आटते. न धुता शिवले तर पहिल्याच धुण्यात गोधडीला चुण्या पडतात. रंग जाणारी चिंधी बाजूला ठेवा.

३. नऊवारी लुगडं म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. त्याचे चार सारखे भाग केले की प्रत्येकी दोन मीटरचे चार थर मिळतात. पन्हा मीटरभराहून थोडा जास्त असतो. एका माणसाला एवढे पुरते. विरलेला भाग मधल्या थरांत घ्यावा.

४. थर जमिनीवर ताणून पसरा व चारी कोपऱ्यांवर दगड ठेवा. वीतवीत अंतरावर कच्चे टाके घाला.

५. वर चिंध्या मांडा. कडा आत दुमडा, नाहीतर सुतं निघतात. दोन काटकोन त्रिकोण जोडले की चौकोन होतो, हे गणितात शिकलो ते इथे कामाला येते.

६. जाड दोरा दुपदरी घेऊन काठापासून धावदोरा घालत आत आत यावे. दोन ओळींत दोन बोटांचे अंतर ठेवा. या ओळींमुळे थर धुतल्यावर गोळा होत नाहीत. शेवटी कच्चे टाके काढून टाका व काठाला गोठ लावा.

अगदी बारीक चिंध्या गोधडीत घालू नयेत, गाठी होतात. त्या उशीत भराव्यात.

ही कला फक्त आपलीच नाही. बंगालात कांथा, बिहारात सुजनी, राजस्थान व सिंधकडे रल्ली, तर कर्नाटकात सिद्दी लोकांची कवंदी असते. सगळीकडे जुने कापड आणि धावदोरा हाच आधार.

आता मुख्य गोष्ट. दिवाळीनंतर आपल्या वर्गातली पाच मुलं आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला जाणार आहेत. तिकडे फडाजवळ कोपीत राहावे लागते. पाचटाची भिंत, आत चूल, आणि पौष महिन्याची थंडी. म्हणून कार्यानुभवाच्या तासाला आम्ही त्यांच्यासाठी गोधड्या शिवायला घेतल्या आहेत. या गोधड्या सुतीच हव्यात, कारण चुलीची ठिणगी पडली तर नायलॉन वितळून अंगाला चिकटते. सुती कापडही पेटते, म्हणून गोधडी चुलीपासून दूरच अंथरावी. पण ते वितळून कातडीला चिकटत नाही.

आतापर्यंत तीन गोधड्या झाल्या. दोन बाकी आहेत. त्यासाठी दोन लुगडी आणि पिशवीभर सुती चिंध्या लागतील. बाई म्हणतात की रोज एक तास काम केले तर दिवाळीच्या सुट्टीआधी होईल.

पालकांना विनंती की घरी जुने सुती लुगडे किंवा धोतर असेल तर धुऊन आणून द्यावे. चिंध्यांची पिशवी या भित्तिपत्रकाखालीच खिळ्याला टांगली आहे. ज्या आज्यांना धावदोरा येतो त्यांनी शनिवारी सकाळी शाळेत यावे. आमचे टाके अजून लांब लांब पडतात, ते जवळ कसे घालायचे हे त्यांनी दाखवावे.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी