जहाजाची वाट आणि माणसाची नजर
गोदावरीकाठच्या परभणी जिल्ह्याला समुद्र नाही, तरी सागरी व्यापाराच्या वाटा सुरक्षित राहण्याशी त्याचेही हित जोडलेले आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ ही जहाजे धडकली, तेव्हा कंटेनर समुद्रात पडले, तेल पसरले आणि जलमार्ग काही दिवस बंद राहिला. अशी टक्कर टाळण्यासाठी स्वयंचलित ओळख यंत्रणा, म्हणजे जहाजाचे नाव, स्थान, वेग व दिशा रेडिओलहरींनी कळवणारे उपकरण, आणि अंधारातही आसपासची जहाजे टिपणारे रडार मोलाचे खरे, परंतु पडद्यावरील ठिपक्याचा अर्थ लावून वेळेत सुकाणू वळवण्याचा निर्णय माणसाचाच असतो; म्हणूनच बंदराचा पायलट, म्हणजे स्थानिक पाण्याची खोली व प्रवाह जाणणारा वाटाड्या, दोरशिडीने चालत्या जहाजावर चढतो आणि कप्तानाशेजारी उभा राहून मार्ग सांगतो.